तीन वर्षांच्या नेपियर गवताखालची जमीन दगडासारखी झालीय. ठोंब न उपटता मोकळी होईल का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात नदीकाठाला शेत आहे, काळी भारी जमीन. गोठ्यात ११ दुभत्या गाई, कालवडी वेगळ्या. त्यांच्यासाठी ३० गुंठ्यांत फुले जयवंत जातीचं नेपियर लावलंय, त्याला तीन वर्षं होत आली. उसाच्या जुन्या चार फुटी सऱ्या होत्या, त्यातच कांड्या लावल्या. म्हणजे दोन ओळींत अंतर चार फूट.

पहिली दोन वर्षं तक्रार नव्हती. यंदा पावसाळा संपल्यापासून काडी बारीक पडलीय, पान पिवळट. फुटवे ठोंबाच्या कडेकडेनं येतात, मधे पोकळ. युरिया टाकला की आठवडाभर हिरवं दिसतं, पुन्हा तेच. पाणी दिलं की दुसऱ्या दिवशीही सरीत उभं असतं.

कारण मला दिसतंय. मागच्या बाजूला भावकीचा ऊस आहे आणि त्यांना वाट नाही. दोन हंगाम त्यांच्या भरलेल्या ट्रॉल्या आमच्या रानातून ओल्यातच गेल्या. वर आमचाच ट्रॅक्टर रोज वैरण भरायला आत जातो. पॉवर वीडर मारून बघितला, वरची तीन-चार बोटं भुसभुशीत होतात, खाली कुदळ नुसती वाजते.

गावात एकजण म्हणतो सबसॉयलर ओढ, म्हणजे लांब दाताच्या औतानं खालचा थर फोड, दुसरा म्हणतो उपटून टाक आणि नव्यानं लाव. उपटलं तर नवीन लावणीची पहिली कापणी येईपर्यंत दोन-अडीच महिने वैरण विकत आणावी लागेल. उभ्या गवतात सबसॉयलर चालतो का? किती खोल घालायचा? ठोंब मरणार नाहीत ना?

माणदेशी_गोठा

उपटा आणि मोकळे व्हा. तीन वर्षं भरपूर झाली. नांगरट करून उन्हाळाभर रान तापू द्या, मग लावा. जुन्या ठोंबावर खर्च करू नका.

औतवाले_आण्णा

माणदेशी, तुमचं म्हणणं तुमच्या हलक्या रानात ठीक. पण ह्या गड्याच्या गोठ्यात ११ गाई उभ्या आहेत, त्या काय उन्हाळाभर रानासंगं तापणार? नेपियर नीट सांभाळलं तर तीन वर्षांनंतरही चालतं. जमीन बसलीय म्हणून ठोंबाला म्हातारा ठरवायचं कारण नाही.

वारणाकाठ दादा, मी भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो. नांगर, सबसॉयलर, रोटाव्हेटर सगळं दारात आहे. तेव्हा "ओढा सबसॉयलर" म्हणणं माझ्या फायद्याचंच. तरी सांगतो, आधी ट्रॅक्टर सांगू नका. आधी खड्डा काढा. आमच्या भागात निम्मी माणसं जमीन न बघता खोली सांगतात, "घाला दोन फूट!" दोन फुटाला काय पुरलंय, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

पाणी दिल्यावर वाफसा आला की ठोंबाच्या बाजूला दोन फूट खोल, उभ्या भिंतीचा खड्डा घ्या. वाळलेल्या रानात घेऊ नका, काळी जमीन वाळली की सगळीच कडक लागते, त्यातून काही कळत नाही. खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली दर दोन बोटांवर चाकूचं टोक टोचत जा. चाकू कुठं अडतो आणि कुठं पुन्हा सहज शिरतो, त्या दोन्ही जागा टेपनं मोजा. मग मुळ्या बघा. सरळ खाली चालल्यात की एका पातळीला येऊन आडव्या वळल्यात? माती फोडली की कणीदार पडते की आडवे पापुद्रे निघतात? निळसर-करडे डाग, घाण वास आहे का? असला तर तिथं पाणी कोंडतंय आणि हवा पोचत नाही.

ह्यातून तीनपैकी एक काहीतरी निघेल. वरचे चार-पाच इंचच बसले असतील तर सबसॉयलरची गरजच नाही. उसाच्या खोडव्याला बगला फोडतो, म्हणजे ओळीच्या कडांची माती नांगरून सोडवतो, तशा कापणीनंतर बळीराम नांगरानं किंवा मिनी ट्रॅक्टरच्या दोन फणांनी बगला फोडा, शेणखत टाका, मातीची भर द्या, झालं. मधेच एक थर असेल, सात-आठ इंचांपासून फूटभरापर्यंत, आणि त्याखाली माती पुन्हा मऊ, तर तो थर फोडायचं काम सबसॉयलरचं. तिसरी गोष्ट वाईट. वरपासून खालपर्यंत सगळंच चिकट, वाळलं की पांढरट-काळपट पापुद्रा, पाणी गढूळ होऊन वर तरंगतं. ती चोपण जमीन. तिथं सामू ८.५ च्या वर जातो, सोडियम मातीचे कण विस्कटून टाकतो. तिथं कितीही लोखंड ओढा, पहिल्या पाण्यात फट बंद. आधी माती परीक्षण, मग जिप्सम, आणि पाणी निघून जायला चर. कृष्णा-वारणेच्या काठानं असली रानं कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता ट्रॅक्टरचं. तुमच्या चार फुटी सरीत मोठा ट्रॅक्टर घालाल तर काय होईल बघा. सबसॉयलरचा दात ट्रॅक्टरच्या बरोबर मधे असतो. दात सरीच्या मधे धरला की ठोंब दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांवर, आणि पन्नास घोड्यांच्या ट्रॅक्टरची मागची चाकं पण मधापासून साधारण तेवढ्याच अंतरावर. म्हणजे दात जमीन मोकळी करणार आणि चाकं ठोंब चेचणार. चाकं वाचवायला ट्रॅक्टर सरकवला की दात ठोंबाच्या मुळाशी. उभ्या नेपियरमध्ये सबसॉयलर वाईट म्हणणारे बहुतेक ह्याच कारणानं हात पोळून घेतलेले असतात, दोष सबसॉयलरचा नाही.

बाहेरून बाहेर तीन फूट रुंदीचा मिनी ट्रॅक्टर सरीत बसतो. त्याला एकच दात लावायचा. तो दोन फूट जाणार नाही, आणि जायलाही नको. दाताच्या टोकाची रुंदी असते, तिच्या साधारण पाच-सहा पट खोलीपर्यंतच दात माती वर उचलून फोडतो. त्याहून खोल घातला की माती वर उठत नाही, दात तिला दोन्ही बाजूंना दाबत जातो. वरून भेग दिसते, खाली गुळगुळीत नळी तयार होते. दोन इंच टोक असेल तर दहा-बारा इंच ही खरी कामाची खोली. जास्त हवी तर टोकाला पंख असलेला दात घ्या किंवा आधी उथळ फण मारून मग दात घाला. आणि खड्ड्यात थर जिथं संपला त्याच्या खाली दोन इंच, बस. त्याखालची चांगली माती कशाला ढवळायची?

सगळ्यात महत्त्वाचं ओल. ज्या खोलीला दात चालणार तिथली माती हातात घ्या आणि तळव्यात वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक, तीनेक मिलिमीटरची वळी न तुटता झाली तर ओल जास्त आहे, घरी जा. वळता वळता तुटून भुगा झाला तर ट्रॅक्टर बोलवा. ओल्या चिकण मातीत दात लोण्यातून सुरी जावी तसा जातो, गडी खूश होतो, आणि जमिनीला काडीचा उपयोग होत नाही. वरची माती वाळलेली असते म्हणून फसगत होते. वळी खालच्या मातीची करायची.

कधी? थंडीत नको, नेपियर तेव्हा झोपलेलं असतं, तुटलेली मुळी लवकर भरून येत नाही. थंडी ओसरली, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चमध्ये जी कापणी येईल ती जमिनीलगत घ्या, एक पाळी पाणी चुकवा, आणि तेव्हा करा. एका वेळी एकाआड एक सरी. म्हणजे प्रत्येक ठोंबाची एकच बाजू तुटते, दुसऱ्या बाजूच्या मुळ्यांवर तो जगतो. राहिलेल्या सऱ्या पुढच्या कापणीनंतर. ठोंब मरणार नाहीत. जुनी मुळी तुटली की नवी पांढरी मुळी येते, बगला फोडण्यामागंही तेच आहे.

एवढं करून त्याच आठवड्यात पुन्हा ट्रॅक्टर आत घातलात तर पैसे पाण्यात. नुकती मोकळी केलेली माती मूळच्यापेक्षा लवकर दबते. भावकीला वाट द्यायचीच असेल तर बांधालगत एक पट्टी कायमची सोडा, तेवढी मेली तरी चालेल.

वारणाकाठ

आण्णा, फार उपकार. सकाळी खड्डा घेतला, दोन ठिकाणी. एक ट्रॉल्या गेल्या त्या पट्ट्यात, एक मधे जिथं फक्त आमचा ट्रॅक्टर जातो.

मधल्या खड्ड्यात तुम्ही म्हणता तसंच. सात इंचांवर चाकू अडला, अकरा इंचांवर पुन्हा शिरला. मुळ्या त्या थरावर जाऊन अक्षरशः आडव्या पसरल्यात, खाली तुरळक. पापुद्रे पण निघाले. ट्रॉल्यांच्या पट्ट्यात मात्र सात इंचांपासून पुढं दीड फूट झालं तरी चाकू जड जातोय, आणि खाली करड्या मातीला वास येतो.

माती परीक्षणाचा कागद गेल्या वर्षीचा आहे, सामू ८.१, क्षारता कमी. म्हणजे चोपण नाही, बरोबर?

एक शंका. तो सात ते अकरा इंचांचा थर कुठून आला? तेवढ्या खोलीला आमच्या ट्रॅक्टरचं वजन पोचतं?

औतवाले_आण्णा

८.१ म्हणजे चोपण नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तेवढा सामू असतोच.

थर एकट्या तुमच्या ट्रॅक्टरचा नसणार. ऊस असताना दरवर्षी त्याच खोलीला नांगर, मग रोटाव्हेटर. पाती फिरतात त्याच्या बरोबर खाली माती घासून चकचकीत होते, त्यावर पाट पाण्यानं बारीक गाळ बसतो. थर आधीपासून असणार, नेपियरची पहिली दोन वर्षं त्याच्या वरच्या मातीवर निघाली. वरची पण दबली तेव्हा ठोंबानं तोंड उघडलं.

ट्रॉल्यांचं वेगळं. टायरची हवा कमी केली तर वरच्या मातीवरचा दाब कमी होतो, पण खोलवर काय होणार ते ठरतं आसावर एकूण किती वजन आहे त्यावर. भरलेली उसाची ट्रॉली म्हणजे कित्येक टन, ओल्या रानात. त्या पट्ट्याला मिनी ट्रॅक्टर पुरणार नाही. तिथले ठोंब काढा, उन्हाळ्यात वाळू द्या, आणि मोठ्या ट्रॅक्टरनं सबसॉयलर दीड फूट, आडवा-उभा. नाहीतर तीच पट्टी वाट म्हणून सोडा. मी तर सोडलीच असती.

हॅमिल्टनकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या न्यूझीलंडमध्ये वायकाटो भागात डेअरी फार्मवर काम करतो. इथं गवत म्हणजे रायग्रास आणि पांढरा क्लोव्हर, गाई वर्षभर रानातच चरतात. त्यामुळे इथला दोष ट्रॉलीचा नसतो, खुरांचा असतो. हिवाळ्यात जमीन भिजलेली आणि त्यावर कळप फिरला की वरचे चार-सहा इंच चिखल होऊन बसतात. त्याला इथं पगिंग म्हणतात.

आण्णांनी खड्ड्याचं सांगितलं ते वाचून बरं वाटलं, कारण इथंही आधी फावडं आणि मग यंत्र. ग्रॅहम शेफर्ड नावाच्या मृदाशास्त्रज्ञानं २००० साली डोळ्यांनी माती जोखायची एक पद्धत छापली, ती शेतकरी स्वतः करू शकतो. २० सेंटिमीटरचा मातीचा चौकोनी ठोकळा फावड्यानं काढायचा, टबमध्ये ठेवलेल्या फळीवर एक मीटर उंचीवरून टाकायचा, जास्तीत जास्त तीन वेळा. मग फुटलेली माती प्लास्टिकच्या कागदावर मोठ्या ढेकळांपासून बारीक कणीपर्यंत ओळीनं लावायची. कणी जास्त तर जमीन चांगली, कोनदार मोठी ढेकळं जास्त तर दबलेली. त्यातच गांडुळं मोजायची. वारणाकाठ, तुम्ही हे बांधावरच्या, कधी चाक न गेलेल्या मातीशी ताडून बघा. फरक लगेच डोळ्यात भरतो. आणि यंत्र फिरवल्यावर काही महिन्यांनी पुन्हा करा, म्हणजे खर्च लागला की नाही ते कळेल. नाहीतर मोकळं केलेलं रान मऊ लागतं म्हणून प्रत्येकजण खूश असतो, आणि गवताचं वजन कुणी करत नाही.

दबलेल्या कुरणासाठी इथं दोन तऱ्हेची यंत्रं. एक पात्यांचा रूळ, तो जमिनीला नुसत्या खाचा पाडतो, वरच्या थरापुरता. दुसऱ्यात पुढे गवत कापणारी गोल तबकडी, मागे दात, आणि त्यामागे रूळ, म्हणजे गवताची चादर न फाटता जमीन उचलली जाते. सगळं तुमच्या ठोंबाच्या गवताला लागू नाही, पण तबकडीची कल्पना उपयोगी पडेल. दाताच्या पुढं धारदार तबकडी असली तर मुळ्या कापल्या जातात, ओढून उपटल्या जात नाहीत.

औतवाले_आण्णा

तबकडीचं पटलं. आमच्या इथल्या फॅब्रिकेशनवाल्याला दाखवतो. त्याला फक्त फोटो लागतो, मग तो विमान पण बनवेल.

गोठ्यातली_ताई

संगमनेर भागातून. आमच्याकडे ट्रॅक्टर नाही, सात गाई आणि दीड एकर बागायत. वैरण मी आणि सासूबाई रोज कापतो, डोक्यावरून काढतो. म्हणजे आमच्या रानाला चाकच लागत नाही, तरी दाराजवळच्या ओळी घट्ट झाल्यात, रोज त्याच वाटेनं पाय पडतात म्हणून. पायांनी पण जमीन बसते, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्ही काय केलं ते सांगते. कापणी झाली की त्या ओळींत पहारीनं ठोंबापासून हातभर अंतरावर भोकं पाडायची, पहार रोवून जरा मागं-पुढं हलवायची, आणि त्या भोकांत कुजलेलं शेणखत ढकलायचं. वर गोबरगॅसची स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर. कष्टाचं आहे, ३० गुंठ्याला सांगणार नाही. पण चार-पाच ओळींचं काम असेल तर भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसायची गरज नाही. आणि कापायची वाट दर कापणीला बदलतो, एका बाजूनं सुरुवात, पुढच्या वेळी दुसऱ्या.

आण्णा, एक विचारते. आमच्या लसूण घासात पण असाच दात चालेल का? दोन वर्षांचा आहे, आर.एल. ८८ जातीचा, वाफ्यात फेकून पेरलेला. पाणी मुरत नाही.

औतवाले_आण्णा

ताई, घासात अजिबात नको. नेपियरला झुपक्यानं मुळ्या, चार तुटल्या तर दहा येतात. लसूण घासाचं एकच सोटमूळ खोल जातं आणि फुटवे जमिनीलगतच्या डोक्यातून येतात. ते डोकं चिरलं की झाड गेलं, शिवाय जखमेतून कूज शिरते. तुमचा तर फेकून पेरलेला, ओळच नाही, दात चालवणार कुठून? वाफ्यात पाणी तुंबू देऊ नका, हलकं पाणी द्या, कापणीनंतर हात-कोळप्यानं नुसता वरचा पापुद्रा फोडा. घास मोडाल तेव्हा जमीन मोकळी करून पुढच्या वेळी ओळीत पेरा.

पहारीची युक्ती मात्र पक्की. आणि पायवाटेचं बोललात ते शंभर टक्के, आम्हा ट्रॅक्टरवाल्यांना फक्त चाकं दिसतात.

माणदेशी_गोठा

मी उपटा म्हटलं ते ट्रॉलीच्या पट्ट्यापुरतं तरी आण्णांनीच मान्य केलं, एवढी नोंद असू द्या.

एक भर घालतो. काळी जमीन वाळू दिली की स्वतःच भेगाळते, तिच्यातली चिकण माती ओलीनं फुगते, वाळली की आकसते. कोरडवाहू रानात हे दर उन्हाळ्यात आपोआप होतं. बागायत नेपियरला आपण कधी वाळूच देत नाही. शक्य असेल तर निम्म्या रानाचं पाणी एका कापणीपुरतं तोडा, निम्म्यावर गोठा चालवा. भेगा पडलेल्या रानात दातही चांगला फोडतो.

औतवाले_आण्णा

हे मात्र लाखातलं बोललात. फक्त एक, एप्रिल-मेच्या उन्हात मुळी तोडून वर पाणी तोडू नका. आधी वाळवणं, मग दात, मग लगेच हलकं पाणी आणि नत्राची मात्रा, हा क्रम.

वारणाकाठ

ठरलं. १५ गुंठ्यांचं पाणी तोडतो, बाकीच्या १५ वर आणि मुरघासावर भागवतो. शेजारच्या गावात एकाकडे २४ घोड्यांचा मिनी ट्रॅक्टर आहे, त्याच्या दाताचं टोक अडीच इंचाचं. तो म्हणतो तेरा इंच सहज जाईल. थर अकरा इंचांवर संपतो, म्हणजे बरोबर बसतंय. भावकीशी पण बोललो, ट्रॉल्या पुढच्या हंगामापासून पूर्वेच्या बांधानं. त्यांचं तोंड वाकडं झालं, पण हो म्हणाले.

आण्णा, वळी करायला माती तेरा इंचांवरची घेऊ की थराच्या मधली, नऊ इंचांवरची?

औतवाले_आण्णा

दोन्ही घ्या. तेरा इंचांवरची वळी होत असेल तर दोन दिवस आणखी थांबा, ट्रॅक्टरवाल्याला ॲडव्हान्स देऊन बसला असलात तरी.